वरच्या नऊ ओळी

सेर्रो गोर्दो,
सोमवार सकाळ

प्रिय यामिल,

तुझं हे नवं नाव लिहिताना हात अजून अडखळतो, पण लिहिलं आणि खोडलं नाही. फोनवर तू माझा नंबर अडवून ठेवलास. लुसआत्याला विचारलं तर ती म्हणाली, "वहिनी, त्याला म्हणे आता बापही नको आणि बापाची बातमीही नको." मग कागद उरतो. कागद अडवता येत नाही, फार तर फाडता येतो, आणि फाडायच्या आधी वाच एवढंच माझं म्हणणं आहे. आज माझं बूड एका जागी टेकत नाही. कॉफी टाकली ती ओट्यावर गार झाली, सोफ्रितोच्या वाटणासाठी लसूण सोलायला घेतला तो अर्धा तसाच पडलाय, त्यात लाइट जाते आणि येते आणि दर खेपेला फ्रिज खोकल्यासारखा आवाज करतो. मोबाइलवर फिरतोय तो तुकडा तू पाहिलास, तो मीही पाहिला. तुझा बाप हॅट घालून माईकसमोर उभा, तोंडातून एकच ओळ, "पोर माझी बाप्या झाली!", आणि मागून लोकांचा गदारोळ. सगळं मिळून शिंक यावी एवढा वेळ. ते तू तिकडे ब्रॉन्क्समध्ये लाँड्रीतल्या पोरापोरींसमोर पाहिलंस असं आत्याने सांगितलं तेव्हा माझा जीव तीळ तीळ तुटला. तुझ्या जागी मी असते तर फोन भिंतीवर आपटला असता. पण बाळा, ते नुसतं शेपूट आहे. धड त्यात आलेलंच नाही, आणि ते धड तुला द्यायचं तर ते माझ्याकडेच आहे.

पण आधी तुझ्या कवितेचं बोलू दे, कारण हे सगळं तिच्यापासून सुरू झालं. तुझ्या त्या तळघरातल्या कॅफेतला व्हिडिओ शेजारच्या मिल्ताच्या मुलीने आणला, आणि मी हात पुसत पुसत उभ्यानेच पाहिला. तुझ्या त्या मैत्रिणीबद्दल, कोरालबद्दल तू बोललास. ती गेल्याचं मला माहीत होतं, पण कशी गेली ते तू मला कधी सांगितलं नव्हतंस. पेपरात तिचं जुनं, मुलाचं नाव, पोलिसांच्या कागदावर तेच, आणि तिच्या घरच्यांनी दगडावरही तेच कोरलं. जन्मभर जो सदरा तिने अंगातून काढून टाकला तोच मेल्यावर तिच्या अंगात चढवला, असं तू म्हणालास आणि तुझा आवाज चिरकला. मग तू बापावर आलास. माझ्या कवनं गाणाऱ्या बापाने अख्खं गाव दहा ओळींत बसवलं, म्हणालास, पाद्री बसवला, गळकी टाकी बसवली, मेयरचा मांजरासारखा चेहरा बसवला, शाळा बंद पाडली तेव्हा शाळेची घंटासुद्धा बसवली, फक्त मला जागा नाही. मी मेलो तर माझ्या दगडावर तो कुठलं नाव घालेल? आई जिवंत असताना पोराने असं मरणाबिरणाचं बोलावं? मला तुझा इतका राग आला की मी मिल्ताच्या मुलीलाच ओरडले. बिचारी रडवेली झाली, तिला गुळाचा तुकडा देऊन गप्प केली.

तुझा बाप तेव्हा पडवीत कोयत्याला धार लावत बसला होता. घासायचा आवाज थांबला होता, म्हणजे ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "यमक नाही, मोजमाप नाही, नुसतं उधळल्यासारखं धावतंय." हे त्याचं परीक्षण. मग म्हणाला, "परत लाव." ते झाल्यावर पुन्हा म्हणाला, "परत लाव." नंतर केळी आणायला म्हणून मळ्यात गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. जेवताना तो एवढंच बोलला की पोरगं श्वास कुठे घ्यायचा ते बरोबर ओळखतं, ते काही शिकवून येत नाही. मी ताटात बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर त्याने विषय बदलला असता.

व्हिडिओ गावभर फिरला. बेकरीत, डॉमिनोच्या टेबलावर, चर्चमधल्या मिस्साहून परत येताना, जो तो आपला, "काय होविनो, पोराने तुला बरोबर पकडलं की!" तो हॅट खाली ओढून चालू पडायचा. सगळ्यात चेव आला तो नोएलला. हार्डवेअरवाला नोएल, वादळानंतर ज्याने खिळे आणि ताडपत्र्या तिप्पट भावाने विकल्या, आणि त्यावर तुझ्या बापाने असं कवन केलं की त्याच्या दुकानाला अजून पोरं "तिप्पटशेठ" म्हणतात. तो डूख धरून होता, जत्रेची वाट बघत होता.

यंदा जत्रेत पाऊस लागला म्हणून गाण्याचा कार्यक्रम चौकातून उचलून सार्वजनिक हॉलमध्ये आणला. खच्चून गर्दी, बाहेर अल्कापुर्रियाचे वडे तळत होते त्याचा धूर आत. तुझी ती शहरातली मित्रमंडळी हे वाचणार असतील तर त्यांना सांग, आमच्याकडे गाणारा आधी काही ठरवून येत नाही. लोकांतून कुणीतरी उठतो आणि शेवटची ओळ घालतो, कोडं घालतात तशी. वरच्या नऊ ओळी गाणाऱ्याने तिथल्या तिथे जुळवायच्या आणि दहावीला त्या ओळीवर येऊन थांबायचं. ओळ नाकारायची नाही. कसलीही असो, कुणाचीही असो. नाकारली की तो माणूस संपला, पुन्हा त्याला कुणी बोलावत नाही. तुझ्या बापाने आजवर एकही नाकारली नाही, हे तुला मी सांगायला नको.

तर नोएल उठला, हातात ग्लास, आणि मोठ्याने म्हणाला, "होविनो, ही घे: पोर माझी बाप्या झाली!" अख्खा हॉल फिदीफिदी हसला. खोटं कशाला सांगू, हसले. आपले शेजारी हसले, तुला अंगाखांद्यावर खेळवलेल्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसल्या. नोएलचा पुतण्या मोबाइल खिशात धरून पुढच्या खुर्चीवर बसला होता. गाताना कुणी मोबाइल वर केला तर तुझा बाप गाणं थांबवतो हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्या पठ्ठ्याने वर काढलाच नाही. त्याला घाई नव्हती. शेवटची ओळ कुठली येणार ते आधीच ठरलेलं, तेवढ्यापुरता हात उचलला की झालं.

चेगीने क्वात्रोच्या तारांवर सुरुवातीची चाल छेडली. तुझ्या बापाने तोंड उघडलं नाही. चेगीने चाल पुन्हा फिरवली. इतकी वर्षं तो त्याच्याबरोबर वाजवतोय, असं कधी झालं नव्हतं, बिचाऱ्याचा घाम टपटप गळत होता. मी दाराशी उभी. माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते स्पष्ट सांगते. त्याने ओळ नाकारली तर तो संपला. आणि त्याने तुझी टिंगल करून लोकांना हसवलं, तर मी तशीच बाहेर पडून मिल्ताच्या घरी जाणार होते आणि त्याच्या दारात परत पाय ठेवणार नव्हते. आईची शपथ, ठरवलं होतं. तो हॅट मागे सारून छताकडे बघत उभा होता. मला वाटलं, देवाकडे बघतोय. मग तो गायला लागला:

छप्पर नेलं वाऱ्याने,
गावचे हे मर्द गडी
मारून बसले दडी,
मीही लपलो भयाने;
तेव्हा पोटच्या गोळ्याने
शिडी लावली, मी खाली,
खिळे ठोकी, सांज आली;
हसा, पण वर पाहा,
त्याच छताखाली राहा,
पोर माझी बाप्या झाली!

"वर पाहा" म्हटल्यावर सगळ्या हॉलने माना वर केल्या, यामिल. नोएलनेसुद्धा. ते पत्रे तूच ठोकलेले. वादळाची झड अजून चालू होती, आसऱ्याला आलेल्या म्हाताऱ्या बायका त्याच हॉलमध्ये खाटांवर ओल्या होऊन कुडकुडत होत्या आणि बाप्ये मंडळी वारा पडू दे, वारा पडू दे करत होती. आणि तू हातोडा पोटाला खोचून चढलीस, चढलास, बघ, चुकले. नंतर इतकी वर्षं तुझा बाप चारचौघांत सांगत आलाय की हॉलचं छत "आम्ही" ठोकलं. त्या दिवशी माईकवर, अख्ख्या गावासमोर, मी लपलो होतो म्हणाला. माझ्याजवळसुद्धा तो असं कधी बोललेला नाही. तेव्हा तू जो गदारोळ ऐकलास तो हसण्याचा नाही. तो टाळ्यांचा आणि पाय आपटण्याचा आहे. खुर्च्या पडल्या, चेगी रडत होता, म्हातारी सुईण चेला उठून उभी राहिली आणि तुझं बाळंतपण आपणच केलं म्हणून सगळ्यांना सांगत सुटली. पुतण्याने तेवढा शेवट टिपला आणि दिला नेटवर सोडून.

आता तुला मी ओळखते. तू म्हणणार, म्हणजे पत्रे ठोकले की पुरुष, आणि नाही ठोकले तर? आणि कोराल? तिला तर शिडीची भीती वाटायची, मग तिने काय करायचं होतं? म्हण. तुझं बरोबरच आहे, मलाही ते खटकलं, पण ते माझ्याशी भांडू नकोस, त्याच्याशी भांड. आणि आणखी एक, मी तुला गोड करून काही सांगणार नाही. त्याने तुझं नाव घेतलं नाही. "पोर" म्हणाला, "झाली" म्हणाला, नोएलने घातलं तेच. घरी येताना मी त्याला गाडीतच विचारलं, होविनो, एवढं बोललास, मग नाव घ्यायला काय जीभ झडत होती? तो म्हणाला, "ओळ नोएलची होती. त्याने नेलं तिथपर्यंत मी चालत गेलो." आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला त्याला चिमटा काढावासा वाटला, काढलाही.

तेव्हापासून तो गायलेला नाही. चेगी शनिवारी येतो, पडवीत बसून एकटाच वाजवतो, कॉफी पितो आणि जातो. नाताळची बोलावणी यंदा कमी आलीत. काही जणांना ते कवन रुचलं नाही, काहींनी फक्त शेपूट पाहून वेगळंच काहीतरी समजून घेतलं. त्याला त्याचं काही वाटत नाही. त्याला वाटतं ते तू फोन बंद केल्याचं. मी म्हटलं, आत्याच्या फोनवरून बोल, ते कवन म्हणून दाखव पोराला. तर म्हणतो, कवन दोनदा म्हणायचं नसतं, ज्याच्यासाठी होतं तो तिथे नव्हता, संपलं. असा आडमुठा. म्हणून मीच आठवून आठवून लिहिलं, चेगीला म्हणून दाखवलं, एका शब्दावरून आमची जुंपली आणि शेवटी माझंच बरोबर निघालं.

आता हे पत्र का, ते सांगते. तुझा बाप पुढच्या आठवड्यात गुरुवारी विमानाने तिकडे येतोय. जो सान हुआनला जायचं म्हटलं तरी पोट धरून बसतो, तो. आत्याकडे उतरणार आहे, आणि शुक्रवारी तुझ्या कार्यक्रमाला तुमच्या त्या कॅफेत मागे कुठेतरी उभा राहणार आहे. तुला सांगायचं नाही असं त्याने मला बजावलंय, म्हणून मी तुला सांगतेय. त्याच्याशी साधं बोलायला जाऊ नकोस. कशाला आलात विचारलंस तर तो म्हणेल गुडघा दाखवायला आलो, आणि तेवढ्यावरच तुम्ही दोघं तोंडं फिरवून बसाल, तुम्हाला दोघांना मी पुरती ओळखून आहे. तू आपलं स्टेजवरून, सगळ्यांदेखत, त्याला ओळ घाल. नोएलने घातली, गावातल्या ऐऱ्यागैऱ्याने घातली, आणि त्याने कुणालाच नाही म्हटलं नाही. तुला नाही म्हणेल का, हे मला माहीत नाही. रात्रंदिवस मी तोच विचार करतेय आणि मला माहीत नाही. पण घाल. ओळीत तुझं नाव असू दे, आणि अगदी शेवटी असू दे, म्हणजे त्याला तिथेच येऊन थांबावं लागेल.

जेवत जा.

तुझीच, वाट बघणारी,
आई