मी पास, नात नापास

तीर्थस्वरूप वन्संना,

इथूनच वाकून नमस्कार (वाकले ते मनातल्या मनात, कंबर हल्ली परवानगी देत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात लिहिलं होतंत की उजवा दुखतो म्हणून डाव्यावर भार देते, तर आता डावाही रुसलाय. म्हणजे तुमच्या दोन भावांसारखंच झालं, एकाला जवळ केलं की दुसरा फुगतो. इकडे सगळी बरी आहेत. मी तर इतकी खुशीत आहे की सून सकाळपासून दोनदा विचारून गेली, "आई, हसताय कशाला?" माझ्या हातून मोठा घोळ झालाय, आणि तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. चष्मा लावून बसा, अक्षर माझंच आहे.

आपली नात काय नोकरी करते, तर 'कंप्युटरमध्ये आहे' एवढंच मी तुम्हाला आजवर सांगत आले, कारण मलाही तेवढंच ठाऊक होतं. आता कळलंय. तिचं ऑफिस मोबाइलमधली ॲपं बनवतं, आणि ही पोरगी ती लोकांच्या हातात देऊन बघत बसते. हो, बघतच बसते, त्याचाच पगार! माणसाला काम जमलं का, किती वेळ लागला, बोट कुठे कुठे चुकून पडलं, आणि शेवटी माणूस खूश झाला की वैतागला, हे सगळं मोजायचं आणि आकडे साहेबांपुढे ठेवायचे. मग त्या आकड्यांवरून ठरतं, ॲपात काय ठेवायचं, काय बदलायचं. (सासूबाई, म्हणजे तुमच्या मातोश्री, माझ्या स्वयंपाकाच्या बाबतीत जन्मभर हेच करत होत्या, तेही बिनपगारी. राग मानू नये.)

तर सध्या त्यांच्याकडे एका मोठ्या दवाखान्याचं ॲप आहे, डॉक्टरांची वेळ घ्यायचं. आजवर फोन केला की तिकडून एक बाई बोलायची, काय दुखतंय, कधीपासून दुखतंय विचारायची, वर "सावकाश या हं" म्हणायची आणि वेळ द्यायची. (अर्धं दुखणं तिथेच उतरायचं.) आता ॲप आलं, मग फोन हवा कशाला, तो बंदच करू, असं साहेबांनी ठरवत आणलं होतं (दवाखान्यानं तो निर्णय त्यांच्यावरच सोपवलाय). नात म्हणायची, साहेब, म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही, आधी ॲप सोपं करू, मग फोनचं बघू. तर साहेब म्हणाले, "तुला काय वाटतं ते नको, आकडे दाखव." (तेव्हापासून आम्ही घरात त्यांना आकडेसाहेबच म्हणतो.) म्हणून आकडे काढायला तिला म्हातारी माणसं हवी होती, आणि एक तर घरातच फुकट पडलेली होती.

मला म्हणाली, "आजी, ऑफिसात ये, बागेतल्या तुझ्या बाकावरच्या मंडळींनाही आण. तयारी काहीएक लागत नाही." वन्सं, शाळेत मास्तरही असंच म्हणायचे आणि मग छडी काढायचे. मी तिसरीत शाळा सोडली, पण परीक्षेची धास्ती काही सुटली नाही. मनात म्हटलं, पोरीच्या ऑफिसात आपण गोंधळलो तर तिचं नाक कापलं जाईल. गेले की शेजारच्या टेलरबाईकडे! तिच्या मोबाइलात ते ॲप होतं. ती मशीन चालवतेय आणि मी शेजारी बसून घोकतेय, हे दाब, ते सरकव. तिच्या गिऱ्हाइकाची एक बाही उलटी बसली, पण मला सगळं पाढ्यासारखं पाठ झालं. तेवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! दुसऱ्या दिवशी बाकावरच्या सगळ्यांना एका ओळीत बसवून शिकवलं. आमच्या बाकावर सदा विणत बसणारी एक लोकरवाली आहे, ती जरा मंद, तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. (शिकवताना मला छडीची आठवण आली, हे कबूल करते.)

मग काय विचारता! काचेची खोली, मऊ खुर्ची, समोर बिस्किटं. नात म्हणाली, "आजी, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे बघू." तिचं वाक्य संपायच्या आत घेतली! माझ्यामागून आमची अख्खी फौज सुसाट सुटली. शेवटी ॲप विचारतं, किती आवडलं, पाचांपैकी तारे द्या. सगळ्यांनी पाचाचे पाच दिले. बिस्किटं चांगली होती. नातीकडे बघितलं तर तिचा चेहरा लाल आणि डोळ्यांत पाणी. मला वाटलं, अभिमान. लोकरवालीला कोपरानं ढोसून म्हटलंसुद्धा, "बघ, पोरीला भरून आलंय."

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मैत्रिणीशी फोनवर बोलत होती ते मी ऐकलं (ऐकत नव्हते, ऐकू आलं). म्हणत होती, "आकडे इतके चांगले आलेत की साहेब फोन बंदच करतायत. मी उगाच ओरडत होते असं ठरलं. आता ऑफिसात माझं कोण ऐकणार?" माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. जाऊन सगळं सांगून टाकलं.

"आजी! सगळ्यांनी आधी पाठ केलं होतं?"

"मग काय, तुझं नाक कापू देऊ?"

"अगं, तुम्ही कुठे अडकता ते बघायलाच बोलावलं होतं!"

वन्सं, आयुष्यभर मी ठिकठिकाणी अडकत आले, कुणी त्याला किंमत दिली नाही. आणि जिथे अडकण्यासाठी मुद्दाम गाडी पाठवून नेलं, तिथे नेमकी मी हुशार निघाले.

मग तिच्याबरोबर आकडेसाहेबांकडे गेले आणि गुन्हा कबूल केला. माणूस सभ्य आहे, स्वतः उठून मला खुर्ची ओढून दिली. पण पक्का! म्हणाले, "शिकलात ना? म्हणजे शिकता येतं. आमचं काम झालं." नात म्हणाली, "साहेब, हिनं न घोकलेलं काहीतरी तुम्हीच सांगा." साहेब म्हणाले, "आजी, परवा घेतलेली वेळ रद्द करा."

रद्द करणं काही माझ्या अभ्यासात नव्हतं! भिंतीवर मोठा पडदा, त्यावर माझं बोट कुठे पडतंय ते सगळ्यांना दिसत होतं, आणि बोट तर गावभर फिरून आलं. डोळ्यांची वेळ जागची हलेना, उलट दातांची एक नवी मिळाली. ती घालवायला गेले तर बाळंतपणाच्या विभागात नाव लागलं. कुणी हसेना, त्यामुळे जास्तच घाम फुटला. शेवटी पुन्हा तारे आले. मी पाच दिले. साहेबांनी खुर्ची ओढून दिली होती, कमी कसे देणार?

नात तेवढ्यासाठीच टपलेली असावी. म्हणाली, "साहेब, काम झालं नाही, दोन नवी कामं वाढली, आणि तारे पाच! नुसते तारे बघून फोन बंद करायचा का?" आणि तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. दवाखान्यातली फोनवाली बाई, माझी नवी नोंद बघून. "ताई, कितवा महिना?" म्हटलं, "बाई, महिन्यांचं सोडा, पंचाहत्तरावं वर्ष चालू आहे." मग मात्र साहेबांसकट सगळे हसले. त्या बाईनं बोलता बोलता तिन्ही वेळा रद्द केल्या, वर "सावकाश असा हं" म्हणाली. साहेबांनी आकड्यांचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "फोन राहू दे तूर्त. पुन्हा तपासा, नवी माणसं आणून." आणि माझ्याकडे बोट करून, "यांनी न शिकवलेली."

नातीच्या रिपोर्टात माझा उल्लेख 'बिघडलेला नमुना' असा आहे. मी सगळ्या बाकाला वाचून दाखवला. आपल्या घरात छापून आलेली मीच पहिली, खरं ना?

तिकडच्या मोठ्यांना माझा नमस्कार, आणि छोट्यांचे गालगुच्चे तुम्हीच घ्या, माझा हात एवढा लांब पोचत नाही.

तुमची,
धाकटी भावजय

ता.क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहिलं. नातीला नवी, कोरी म्हातारी माणसं हवीत आणि इथल्या बागेत आता एकही कोरं उरलेलं नाही, सगळी माझ्या हाताखालून गेली. तुम्ही या. ही तपासणी फसली तर फोन जाईल आणि पोरीचा शब्दही. गुडघ्याचं कारण सांगू नका, ती गाडी घेऊन येईल. फक्त आधी काही शिकून येऊ नका, मनसोक्त अडका. आणि भिडेपोटी तारे देऊ नका. (ती काळजी तुमच्याबाबत नाही.)

आणखी एक ता.क. नातीनं पत्र वाचायला मागितलं, मी दिलं नाही. कारण त्या काचेच्या खोलीत चार लोकांसमोर तुमची फजिती व्हावी हे मला बघवायचं नाही, शेवटी आपल्या घराण्याची अब्रू आहे. तेव्हा एवढंच सांगते: डॉक्टरांची नावं घराच्या चित्रात शोधू नका, वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्यात आहेत. तारीख निवडली की पान खाली ओढायचं, बटण तिथे लपलंय. ते विझल्यासारखं दिसतं, पण दाबलं जातं. वाचून झालं की हा कागद फाडा. आणि तिथे गेल्यावर थोडं चाचपडल्यासारखं करा.