कपाटाच्या दारावरची प्रार्थना

सोमवार

तू विसरशीलच, म्हणून आधी सांगते: मी आता जुन्या घरी राहत नाही, तुझ्या भावाच्या नव्या भाड्याच्या घरी राहायला आलेय. स्वतःचा वाढदिवस विसरणाऱ्या लेकीसाठी ही रोजनिशी. मला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून लिहितेय तुझी भाची; अक्षर तिचं, जीभ माझी. घर झकास आहे. माझ्या खोलीत ऊन येतं, पलंग माझ्या गुडघ्यांना झेपेल एवढाच उंच. आणि सून म्हणजे नवलच. दूध उतू गेलं तरी हसली. पूर्वी भांडी कशी आपटायची, आठवतं? नाहीच आठवणार.

मंगळवार

हसण्याचं गुपित कळलं. आधीच्या भाडेकरूंनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक प्रार्थना चिकटवून ठेवलीय: ‘प्रभू, तू आहेस, एवढं पुरे.’ सून आणि तुझा भाऊ दिवसभर तीच पुटपुटतात. भाजी चिरताना, जिना चढताना. सून म्हणाली, आई, तुम्हीही म्हणा, जिवाला थंडावा मिळतो. मी म्हटलं, माझं देवाशी रोजचं भांडण आहे, त्यात दुसऱ्याची उसनी ओळ कशाला? त्यालाही माझ्या कटकटीशिवाय करमायचं नाही.

गुरुवार

तुझ्या भावाचं बोट दारात चेंगरलं. रक्त टपकतंय, आणि हा ओळ म्हणत हसत उभा. बायको शेजारी, तीही तेच म्हणतेय. फडकं शेवटी मी बांधलं. दोघांना मनसोक्त झाडलं, तर गोड हसत ऐकून घेतलं. भिंतीशी भांडावं तसं. डोकं सणकलंय माझं.

शनिवार

शेजारी एक शिवणकामवाली राहते. तिनं आज सांगितलं. आधीच्या भाडेकरूंची मुलगी तापानं फणफणली होती. आईबाप उशाशी बसून ती ओळ म्हणत राहिले. शेवटी हिनंच डॉक्टर आणला, तोवर पोर गार पडली होती. ते दोघं तरीही म्हणतच होते. शांत.

घरी येऊन मी तो कागद ओरबाडला आणि शेगडीवर जाळला. सून म्हणाली, असू द्या आई, आम्हाला पाठ आहे.

रविवार

पोरीला ताप आलाय. अंगाला हात लावला तर चटका बसतो. लिहू नको म्हटलं तरी ऐकत नाही. डॉक्टर आण म्हणून तुझ्या भावाला नाही नाही ते बोलले. त्यानं ओळ म्हटली. फोन त्याच्याच खिशात. मागितला की ओळ म्हणतो. भिंत धरत शिवणकामवालीकडे गेले. सुनेनं तिलाही ओळ शिकवलीय. बोटात सुई रुतलेली, आणि बाई हसत होती.

ही पानं दूधवाल्याच्या हाती पाठवतेय. पायात चपला घाल आणि निघ. डॉक्टर घेऊनच ये.

सोमवार

पोरीचे ओठ हलतायत. बाळ, नको. रड, हट्ट कर, चाव मला, पण ते नको—

देवा, तुझ्या नावानं हे चाललंय आणि तू गप्प? लाज नाही वाटत—

मंगळवार

सकाळी तुझ्या भावाला शिवी द्यायला तोंड उघडलं. ओळच बाहेर आली. गार वाटलं गं. फार बरं—

नाही. खोड ते, पोरी. खोडलंस ना? मला काय कळणार.

ताबडतोब ये म्हटलं होतं, ते— सावकाश ये. घाई कसली. तोवर दूधवाल्याच्या हाती पाव पाठव. मऊ बघून. तिघांपुरताच. पोरगी आता काही खात नाही—