बावखलाच्या काठच्या खुंट्या

नंदाखाल,
जुलै १९९८

प्रिय सुधाकर,

पुण्यात तू सुखरूप असशील असं धरून चालते. इथे पावसाने नुसता ऊत आणलाय. केळी आडव्या झाल्यात आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. कारण सांगते, पण आधी सरळ विचारते: आपली वाडी तू कुणाला दाखवली आहेस का?

रागावू नकोस. गेल्या आठवड्यात सकाळी फुलं काढायला गेले, तर आपल्या बावखलाच्या काठाने, रस्त्याला लागून, बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या. एका ओळीत, चुना फासून. ज्या तळ्यात तू पोहायला शिकलास, ज्याच्या पाण्यावर वाडी जगते, त्याच्या काठावर! हल्ली खुंट्या दिसल्या की पुढे काय होतं ते तुला ठाऊक आहे. मातीचे ट्रक येतात, बावखल बुजतं आणि इमारत उभी राहते. गेल्या गणपतीत तो बिल्डर ओटीवर तुझ्याशी हळू आवाजात बोलत होता. मी चहा घेऊन आले तसे दोघे गप्प झालात. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. सातबाऱ्यावर नाव तुझंही आहे, राबते मात्र मी.

पंचायतीतल्या सदानंदला विचारलं. मोजणी वगैरे काही नाही म्हणाला. त्याच्यावरही माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी खुंट्या वाढलेल्या, आणि शेजारच्या फ्लॉसीने मला पाहताच चुन्याचा डबा पाठीमागे लपवला. म्हटलं, पाणी मुरतंय ते इथे! गेल्या पावसाळ्यात रस्ता आणि बावखल एकाच पाण्याखाली गेले आणि तिच्या लेकाची, फेबियनची, स्कूटर सरळ आपल्या बावखलात उतरली. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. बावखल बुजवायला तीच बिल्डरला मिळाली, असं मी पक्कं धरलं. लेकाच्या काळजीने केलं असेल, तर तिचं तरी काय चुकलं, असंही वाटून गेलं.

काल पुन्हा रस्ता बुडाला. आगाशीची एसटी आली, ती खुंट्यांच्या ओळीकडे बघत, अंग चोरून, मधोमध गेली. फ्लॉसी गुडघाभर पाण्यात उभी राहून खुंट्यांना लाल चिंध्या बांधत होती. मी तरातरा गेले. ती घाबरून म्हणाली, “रंभाबाय, उपटू नको गो. पानी चढलं का रस्ता कुठं नि बावखल कुठं, कळत नाय.” आपल्या जागेत ठोकल्या म्हणून मी त्या काढून टाकीन, असा तिला माझाच संशय होता. चिंध्या तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या होत्या. मला तिथेच रडू फुटलं.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. खुंट्या किती दिवस टिकणार? तिथे पक्का कठडा हवा. सदानंद म्हणतो, त्यासाठी वाडीची हातभर पट्टी सोडावी लागेल, आणि तुझ्या सहीशिवाय ती सुटणार नाही. माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. बिल्डरला शब्द दिला असशील तर स्पष्ट लिही. फ्लॉसीचं लुगडं रस्त्याच्या वळणापर्यंत पुरलं नाही. उरलेल्या खुंट्यांना मी तू भाऊबीजेला दिलेली लाल साडी फाडून बांधली आहे. यंदा साडी आणू नकोस. सही करायला ये, आणि वळणावर गाडी हळू घे.

वाट बघणारी,
तुझीच,
रंभाताई