आप्पांचा पिवळा हात

बुधवार, संध्याकाळ. कडेगाव

आज कॉलेजात मतदानाचं मार्गदर्शन झालं. मत गुप्त असतं, आणि मनातलं बोलायचाही आपल्याला हक्क आहे, असं मॅडम म्हणाल्या.

घरी आले तर आप्पांचा उजवा हात पिवळाधमक. देवळात भावकी जमली होती. आमच्या घरातली सगळी मतं भावकी सांगेल त्यालाच, म्हणून त्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली. माझं पहिलंवहिलं मतही त्यातच गेलं.

"आप्पा, मला इचारलं न्हाई तुमी." बोलले मी एकदाची. फौजेतून आलेला माणूस, ओरडतील असं वाटलं. त्यांनी हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "भावकीत न्हाई म्हणता येत न्हाई गं."

म्हणजे त्यांनाही कुणी विचारलं नसेल? मला धड रागावताही येईना. मोरीत जाऊन त्यांनी हात चोळचोळून धुतला. पिवळा तो पिवळाच.

आत आई भाकरी थापत होती. हळूच म्हणाली, "कुनाचं बटन दाबलं, ते खरंच कळत न्हाई व्हय कुनाला?"

"कुनालाच न्हाई," मी म्हटलं.

माझ्या जन्माआधीपासून आई मत देतेय.