बांधाकडचं कडवळ

लिंबागणेश,
२१ नोव्हेंबर २०२५

दादा, सप्रेम जय भीम.

बांधापलीकडच्या सख्ख्या भावाला पत्र लिहितोय म्हणून हसशील. समोरासमोर आपलं तोंड उघडत नाही, म्हणून वहिनींच्या हाती देतोय.

इकडं ठीक आहे. गाय दुधावर आहे. संध्याकाळी विहारात वंदनेला जातो. बाकीचे घरी गेले तरी मी सतरंज्यांच्या घड्या घालत रेंगाळतो. मालन वारली अन् घरात मी एकटा उरलो, तेव्हापासून घराला कुलूप लावलं काय अन् उघडं ठेवलं काय, सारखंच.

यंदा चाऱ्याचं कडवळ झकास आलं. आमच्या सेंद्रिय शेतीच्या गटातून आणलेल्या त्या ज्वारीचं पान वरून तुळतुळीत, खालून बारीक लव. खोडमाशी येते, घिरट्या घालते, पण तिला अंडी घालायला ते पान मानवत नाही. फवाऱ्याची गरजच पडली नाही. फवाऱ्यावरूनच तर आपलं बिनसलं. मी फवारणं सोडलं तेव्हा "अळ्या पाळायलास काय बे?" म्हणालतास, अन् तिथून अबोला.

तुझ्या रानातलं औषध वाऱ्यानं इकडं यायचं. म्हणून सेंद्रिय गटाच्या नियमानं बांधालगतच्या पट्ट्यातला चारा माझ्या गाईला चालत नव्हता. तो कापून मी तुझ्या बैलांना आणून टाकायचो. वहिनी चहा द्यायच्या, तू आतच बसायचास. एकदा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या पायरवाला बैल कान टवकारतेत. ह्यांचंबी तसंच हाय, पर बैलावानी दाखवत न्हाईत."

वहिनींनी माझ्याकडून ओटीभर बी नेलं. तू ते बांधालगत पेरलंस, मी बघत होतो. तुझ्याही पिकाला माशी लागली नाही अन् तुझा फवारा काही बाहेर निघाला नाही.

काल गटाच्या तपासणीच्या ताई आल्या. दोन्ही रानं फिरून म्हणाल्या, "काका, आता पट्टा वेगळा ठेवायची गरज नाही. हा चारा तुमच्याच गाईला घाला."

मी घातला. गाईनं आवडीनं खाल्ला. सगळं नियमानं झालं, फक्त मला तुझ्याकडं यायला कारण उरलं नाही.

मनात आलं, दादानं पुन्हा फवारावं. असलं वाईट मनात आलं म्हणून काल विहारात जरा जास्तच बसलो.

उद्या सकाळी येतो. डोक्यावर भारा नसेल. कशाला आलास, असं विचारू नको. मला सांगता येणार नाही.

तुझा धाकटा,
बन्सी