रविवारी सुट्टी घेणारी माती

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खोलीत आडवं व्हायला जागा फक्त पलंगावर आहे).

"हिला एकटीला कोंडून ठेवलं तरी ही कपाटाशी गप्पा मारील," असं आई एकदा तुझ्या मैत्रिणींसमोर म्हणाली होती आणि तुम्ही सगळ्या खो खो हसला होतात. ते आज का आठवलं, ते सांगतेच. आधी तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? ते अजूनही औषध घेतलं असं सांगून बाटली तशीच ठेवतात का? माझी तब्येत उत्तम. खोलीही चांगली आहे. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, ती बंद असते. शेजारीण जिन्यात भेटली की हसते, मीही हसते, आणि मग आम्ही दोघी घाईघाईने आपापल्या किल्ल्या शोधायला लागतो.

माझं काम तुला ठाऊकच आहे. खानावळीतलं भांडी धुतलेलं पाणी गाळायचं, त्यावर घेवडा वाढवायचा, शेजारच्या ओळींना नळाचं पाणी द्यायचं, आणि फरक मोजायचा. ("आई मोरीचं पाणी भोपळ्याला घालायची, तिला कुणी विद्यापीठात नेलं नाही," हे तू ऐकवलंयस. दोनदा.) हे सगळं एका छोट्या काचघरात चालतं. तिथे खांबाखांबावर डब्या बसवल्यात. मातीतले जंतू श्वास सोडतात, आपण सोडतो तोच वायू, आणि त्या डब्या तो मोजत बसतात. आकडे थेट आमच्या प्रमुखांच्या संगणकावर जातात. प्रमुख माणूस भला आहे, पण हसतानासुद्धा किती हसायचं ते ठरवून हसल्यासारखा वाटतो. आम्ही त्याला मोजपट्टी म्हणतो. (आम्ही म्हणजे मी. इथे आणखी कुणाला सांगणार?)

तर झालं असं, की भांड्यांच्या पाण्याच्या कोपऱ्यातल्या डबीने रोज दुपारी उसळी मारायला सुरुवात केली. बाकीच्या डब्या गपगार, आणि ही एकटी उधाणलेली. मोजपट्टी हरखून गेला. भांड्यांच्या पाण्याने माती दुपारी जागी होते, असा त्याने शोध लावला, विभागाच्या सभेत तो आलेख भिंतभर मोठा करून दाखवला, आणि वर माझं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सभा संपल्यावर दोघेजण स्वतःहून माझ्याशी बोलायलासुद्धा आले.

मग एका सकाळी त्याने मला बोलावलं. आलेख समोर होता. रविवारची जागा सपाट. मागच्या रविवारची सपाट, त्याच्याही मागची सपाट.

"तुमची माती रविवारी सुट्टी घेते का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "रविवारी मी नसते."

"आणि इतर दिवशी दुपारी तुम्ही तिथे काय करता?"

"जेवते. कोपऱ्यात एक उलटी बादली आहे, तिच्यावर बसून."

"सोबत कोण असतं?"

"कुणी नाही."

त्याने चष्मा काढून पुसला. "पण बाई, एका माणसाच्या जेवणाने डबी इतकी वर जायला नको. आणि हा मधला आठवडा इतका बसका का?"

त्या आठवड्यात माझा घसा बसला होता. ते सांगितलं, आणि मग बाकीचंही सांगावं लागलं, की मी तिथे बोलते. आधी घेवड्याशी बोलायचे, पाणी कसं वाटतंय वगैरे, कामाचंच. पुढे पुढे तुझ्याशी बोलायला लागले. घेवडा म्हणजे तू असं काही नाही (रागावू नकोस, त्याचा बांधा तुझ्यापेक्षा फार नाजूक आहे), पण "ताई, काल काय झालं माहितेय का" असं सुरू केलं की पोळीचा घास नीट उतरतो. मोजपट्टीने आलेखावरच्या एकेका उसळीवर बोट टेकवलं आणि म्हणाला, "म्हणजे ही सगळी बहीण आहे." आणि यावेळी तो न ठरवता हसला.

मी म्हटलं, मला वजा करा आणि पुढे जाऊ या. तर म्हणे तसं होत नाही. तो वायू झाडांचं खाणं असतो. कोपऱ्यातला घेवडा जोमाने वाढला तो भांड्यांच्या पाण्यावर की माझ्या बडबडीवर, आता देवालाही सांगता यायचं नाही. सगळा प्रयोग पहिल्यापासून करायचा. काचघराच्या दारावर पाटी लागली, "आत बसून जेवू नये". 'बोलू नये' असंही लिहिणार होता, पण भिडेखातर राहिलं असावं.

आता मी खानावळीत जेवते. लांबलचक टेबलं आहेत, माणसं भरपूर, प्रत्येकजण आपापल्या फोनशी जेवत असतो. "इथे कुणी बसलंय का?" एवढं मी विचारते, "नाही" एवढं उत्तर येतं, आणि त्या दिवसापुरतं माझं बोलणं संपतं. जेवण मात्र चांगलं असतं. भांडी तर मी किती खरकटी टाकते, प्रयोगालाच मदत.

भावोजींना नमस्कार, पिल्लांना गोड पापा (पिल्लं आता नोकरीला लागलीत, तरी दे).

तुझी,
धाकटी

ता. क. माझी काळजी करू नकोस. गंमत म्हणून लिहिलं. भावोजींना मातीपर्यंतच वाचून दाखव, खानावळीचं नको.

आणखी एक ता. क. प्रयोग पुन्हा म्हणजे मी या हंगामाअखेर घरी येत नाही. तेव्हा तूच ये. हंगामभर राहा. पलंग तुला, मी टेबल बाहेर काढून खाली गादी घालीन. तुला परक्या उशीवर झोप येत नाही, भावोजींना चहासुद्धा करता येत नाही, गुडघ्याला इथला जिना झेपणार नाही, हे सगळं मला माहीत आहे. त्यामुळे तू नाहीच म्हणणार. पण ते पत्राने कळवू नकोस. दुपारी, जेवणाच्या वेळेला फोन कर, आणि का येता येत नाही ते एकेक करून, सावकाश सांग.