फांदीवरचे पांढरे ठिपके

३ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जाऊन आज अठरा दिवस झाले. तुझं घर, तुझी काचेची टाकी आणि तुझी ताई, तिघंही जागच्या जागी आहोत. तिकडे डोंगरावरच्या वेधशाळेत दुर्बिणीची यंत्रं दुरुस्त करताना तू जेवायला विसरत असशील, हे मला इथे बसून कळतं. फोन फक्त साहेबांच्या खोलीत, तोही कामापुरता, आणि टपालाची गाडी दहा दिवसांतून एकदा म्हणालास, म्हणून सगळं एकदम लिहिते.

टाकीची मला आधी भीतीच वाटायची. आता दुपारी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले की तास कुठे जातो कळत नाही. निळा दिवा लागला की भिंतींवर पाण्याच्या रेघा हलायला लागतात. पलंग, कपाट, माझ्या चपला, सगळं तळाशी जाऊन बसल्यासारखं दिसतं. काल तिथेच डुलकी लागली. स्वप्नात मी प्रुफं वाचत होते आणि एकेक अक्षर ओळीतून सुटून वर तरंगत होतं. मी एकालाही अडवलं नाही. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या बाईने असं वागणं बरं नव्हे, पण मजा आली.

टाकीतल्या तुझ्या जिवंत जांभळ्या पोवळ्याचं मात्र मी चोख बघते. चार वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही, आणि अबोला सोडलास तो थेट घराची किल्ली हातात देऊन. तेव्हा बोटभर फांदीपासून नऊ वर्षं वाढवलेलं ते पोवळं माझ्या हातून बिघडता कामा नये. पहिल्याच दिवशी मी त्याचं चित्र काढलं, फांद्यांना आकडे दिले, आणि फांद्यांवरचे बारीक पांढरे ठिपके भिंगातून मोजून टिपले. ती माझी मूळ प्रत. रोज सकाळी काचेवर पट्टी धरून सगळं तिच्याशी ताडून बघते. एकही ठिपका कमी झालेला नाही, उलट वीसेक वाढलेत. म्हणजे तब्येत सुधारते आहे. शाबासकी उलट टपाली पाठव.

माया आहे तेवढी राहू दे, जमल्यास थोडी वाढव.
तुझी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता हातातला पाना खाली ठेवला. ताई, ते ठिपके पोवळ्याचे नाहीत. त्याला किडा लागला आहे, आणि किडा जिथे जिथे खातो तिथे तो पांढरा डाग राहतो. किडा चपटा, तांदळाच्या कणीएवढा. फांदीला असा चिकटतो आणि अंगावर तिचाच रंग असा घेतो, की भिंगातूनही दिसत नाही. तुझी नजर कमी पडली असं मनात आणू नकोस.

आता घाई कर. खालच्या कपाटात तपकिरी बाटली आहे. पांढऱ्या परातीत टाकीतलंच पाणी घे, त्यात औषधाचे वीस थेंब टाक, आणि पोवळं दगडासकट उचलून दहा मिनिटं त्यात ठेव. पिचकारीने फांद्यांवर पाणी मारत राहा. किडे सुटून पडतील. मग बुडाशी, मेलेल्या भागावर, सोनेरी दाण्यांचे पुंजके शोध. ती अंडी. औषधाने त्यांना काही होत नाही, ती खरवडायची, नाहीतर तेवढा भाग कापायचा. अंडी राहिली तर पुन्हा किडे होतात, म्हणून दर आठवड्याला हेच, सहा वेळा. तोवर पोवळं छोट्या टाकीत वेगळं ठेव. मोठ्या टाकीत राहिलेले किडे खायला न मिळाल्याने मरतील.

इथे हवा इतकी कोरडी आहे की कपडे दोरीवर टाकेपर्यंत वाळतात. संध्याकाळी कामावर जाण्याआधी मी डोळे मिटून तुझ्या खुर्चीत बसतो. पंपाची घरघर ऐकू येते, भिंतीवर रेघा हलतात, आणि थोडा वेळ मी तिथेच असतो. तुला हसू येईल.

सगळं तुझ्यावर सोपवून निर्धास्त आहे म्हणतो, पण नाही.
तुझा,
खटपट्या

२६ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी बाह्या सारून बसले. पोवळं दगडासकट पाण्याबाहेर काढलं. परातीत ठेवलं, पिचकारी मारली, आणि पहिला किडा सुटून तळाशी फडफडला. मग दुसरा. मी मोजत गेले. एकशे सात. त्यांच्या एकेका घासाची मी सुवाच्य अक्षरात नोंद ठेवली होती आणि वर तुझ्याकडे शाबासकी मागितली होती.

बुडाशी अंडीच अंडी होती. दाढी करायच्या पात्याने खरवडून ती निघेनात, म्हणून तुझ्या हत्यारांच्या खोक्यातली बारीक करवत घेतली आणि पोवळ्याचे सहा तुकडे केले. कापताना जो आवाज येतो तो तू मला सांगितला नव्हतास. जांभळा रंग पार उतरला आहे. दुसरी फेरीही झाली, तेवीस किडे पडले. छापखान्यात मी तिसऱ्या प्रुफाशिवाय काही सोडलं नाही, इथे सहा काढायची आहेत.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुझी बायको घर सोडून गेली तेव्हा मी रागात म्हणाले होते, की ज्याच्या घरात माणूस टिकत नाही त्याने कशाला काही पाळावं. तू त्यावर काहीच बोलला नाहीस आणि चार वर्षं बोलला नाहीस. आता हे पोवळं मेलं तर ते माझ्याच हाताने खरं होईल. छोट्या टाकीसमोर बसते तेव्हा हेच डोक्यात फिरतं. परवा डोळा लागला तर स्वप्नात सगळं घर पाण्याने भरलं होतं, आणि मी करवत घेऊन खोल्यांतून पोहत होते, फार शांतपणे.

रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.
तुझी,
ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागवायचं कुणावर? हे मी आधीच्या पत्रात लिहायला हवं होतं. तेव्हा धीर झाला नाही.

निघायच्या आठवड्यात मी एका ओळखीच्याकडून नवी फांदी आणली होती. दर वेळी औषधात बुडवून, महिनाभर वेगळी ठेवून मगच टाकीत सोडतो. या वेळी वेळ नव्हता, तशीच सोडली, आणि दोन दिवसांत मेली म्हणून काढून टाकली. गाडीला दोन तास असताना जांभळ्यावर पांढरे ठिपके दिसले. ते काय आहेत ते मला ठाऊक होतं, ताई. तू दारात उभी होतीस, पिशवी हातात. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा तेच म्हणशील असं वाटलं. मी दिवा मंद केला, तुला किल्ली दिली आणि निघालो.

म्हणजे तू जिला मूळ प्रत मानलंस तिच्यातच माझी चूक होती. तू तर इमानाने वाचलंस. पोवळं गेलं तर जाऊ दे. फक्त ते तुझ्या हातून गेलं असं म्हणू नकोस.

उत्तर आलं नाही तरी समजून घेईन.
तुझा,
खटपट्या

१२ मे

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मधल्या दोन गाड्या मी मुद्दाम रिकाम्या जाऊ दिल्या. पहिले काही दिवस तुझ्यावर फणफणत होते. दोन तास हातात असताना तोंडातून शब्द काढला नाहीस, आणि मी भिंग घेऊन महिनाभर किड्यांची खानेसुमारी केली. मग राग ओसरला आणि फार वाईट वाटलं. सख्ख्या भावाला आपलं चुकलं हे सांगायची माझी इतकी भीती वाटावी, ही कमाई मीच केली आहे. ते वाक्य मी बोलायला नको होतं. तेव्हाच माफी मागायला हवी होती. आता मागते. चुकले मी.

सहा फेऱ्या झाल्या. शेवटच्या दोन्हींत परात कोरी. सहापैकी दोन तुकडे वाचले नाहीत, चार जगले. एका तुकड्याच्या टोकाला आज सकाळी जांभळी कड दिसली, दोनदा बघितली, आहे. चौघांना मोठ्या टाकीत लांब लांब ठेवलं आहे. काल दुपारभर त्यांच्यासमोर बसले होते. भिंतीवर रेघा हलत होत्या, आणि खोलीचा तळ कुठे आणि पाणी कुठे ते मला नीट सांगता आलं नसतं.

वर्ष संपून तू आलास की मी माझ्या घरी जायचं असं ठरलं होतं. मी जाणार नाही. मागची खोली झाडून घेतली आहे, तिथे माझं कपाट नीट मावतं. तुला अडचण वाटत असेल तर आत्ताच कळव, म्हणजे तुझं पत्र मिळालंच नाही असं मला म्हणता येईल.

जेवत जा.
तुझी,
ताई